वाळ्याच्या कूलरमुळे कॅन्सर मेला त्याची हकीकत

जळगाव,
मे महिन्यातली दुपार

ती. अक्का यांस,

जळगावहून तुमच्या पायांवर डोकं ठेवते. (अंतर फार असल्यामुळे तिकडे जाणवलं नसेल, पण ठेवलं आहे.) इकडे मी ठीक आहे. गावी आई आणि नाना ठीक आहेत, म्हैस ठीक आहे, नानांचा गुडघा ठीक नाही, पण तो ठीक आहे असं तुम्हाला कळवायचं त्यांनी मला बजावलं आहे. तुमची तब्येत सुधारल्याचं कुंदनभाऊ दर रविवारी सुरतेहून फोनवर सांगतात. जखम भरली, वजन वाढलं, वरणभात मिक्सरमधून फिरवून का होईना पण दोन्ही वेळा जातो, तपासणीत पुन्हा काही निघालं नाही. एवढं ऐकून झालं की मी म्हणते, "अक्काला द्या ना फोन." त्यावर तुमचे चिरंजीव म्हणतात, "आई आंघोळीला गेली." मी सकाळी फोन करून पाहिला, भर दुपारी करून पाहिला, दिवे लागल्यावर करून पाहिला. हाती आलेल्या माहितीवरून तुम्ही सुरतेला गेल्यापासून अखंड आंघोळ करत आहात असं दिसतं. आपली तापीच तिकडे जाते, पाणी कमी पडणार नाही, तरी कातडीला जपावं.

ही तक्रार नाही. गेल्या रविवारी कुंदनभाऊंनी आवाज उतरवून खरं ते सांगितलं. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा आणि जिभेची एक कड गेली, तेव्हापासून तुमचे शब्द समोरच्याला पहिल्या फटक्यात कळत नाहीत, समोरचा "काय?" म्हणतो, आणि एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं तुम्हाला कधीच मंजूर नव्हतं. म्हणून तुम्ही बोलणंच थांबवलं. आता मान हलवता, बोट दाखवता, आणि वहिनी त्या बोटावर घर चालवते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. नंतर त्यावर विचार केला. शिरपूरच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत बसवणाऱ्या कंट्रोलरला तुम्ही जे ऐकवलं होतं ते चोपड्याच्या गाडीतले लोक खाली उतरून ऐकत उभे होते. तुमचा फोन कधी 'हॅलो'ने सुरू व्हायचा नाही. तो एखाद्या भांडणाच्या मध्यातून सुरू व्हायचा. मी प्रयोगाच्या घाईत असायचे, फोन कानाला लावायचे आणि पहिलं वाक्य यायचं, "तर मंग ती माले काय म्हनस!" ती म्हणजे कोण, हे बऱ्याच वेळाने कळायचं, कधी कळायचंही नाही. आता फोन येतात ते 'हॅलो, दिपमाला मॅडम का?' असे येतात. ते व्यवस्थित असतात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तर मुद्दा असा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धुळ्याला वॉर्डात तुम्ही मला विचारलं होतं, "तू तठे नेमकं काय करस वं?" तेवढ्यात सिस्टर रक्त घ्यायला आली, तुम्ही तिच्याशी भांडायला लागलात आणि माझं उत्तर राहून गेलं. उत्तर राहिलेलं मला आवडत नाही. म्हणून ते सविस्तर लिहिते.

बाहेरच्या लोकांना वाटतं की कॅन्सरवर संशोधन करणारी माणसं कॅन्सरला मारत असतात. मारणं हा कामाचा फार छोटा भाग आहे. बहुतेक वेळ आम्ही त्याला जगवतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतला कणभर तुकडा, रोग्याने लिहून परवानगी दिली असेल तर, आमच्याकडे येतो. त्याच्या पेशी सुट्या करायच्या, चपट्या पारदर्शक बाटलीत गुलाबी पाण्यात ठेवायच्या आणि ती बाटली माणसाच्या अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे सदतीस अंशांच्या पेटीत ठेवायची. त्या पाण्यात साखर, क्षार, प्रथिनं, जे लागेल ते सगळं असतं. एकदिवसाआड पाणी बदलायचं. गर्दी झाली की अर्ध्या पेशी दुसऱ्या बाटलीत न्यायच्या. सणवार, लग्नकार्य, स्वतःचा ताप, काहीही असलं तरी त्यांचं पाणी चुकवायचं नाही. (नाना म्हणाले, "हे तर म्हशीसारखं आहे." मी म्हटलं, म्हैस निदान ओळख दाखवते.) अशा खाऊनपिऊन दणकट झाल्या की एक दिवस त्यांच्यावर औषध टाकायचं, काही बाटल्यांत कमी, काहींत जास्त, काहींत अजिबात नाही, आणि कोण मेलं, कोण राहिलं ते मोजायचं. औषध सारखंच दिलं तरी काही पेशी मरत नाहीत. त्या का मरत नाहीत, हा माझा विषय. ते कळलं तर पुढच्या रोग्याला कोणतं औषध लागू पडेल हे आधी सांगता येईल. (पुढचा म्हणजे लगेचचा नव्हे. आमच्या क्षेत्रात 'लवकरच' याचा अर्थ पंधरा वर्षं असा घेतात.)

हे सगळं मी घरमालकीण सुमनबाईंना एकदा समजावून सांगितलं, ती माझी चूक. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तू दिवसभर कॅन्सर पाळतेस?" मी म्हटलं, शब्द तसा बरोबर आहे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चपला जिन्याखाली गेल्या. मी सांगितलं की हा रोग हवेतून, कपड्यांतून, चपलांतून पसरत नाही, आणि बाटलीतल्या पेशी तर बाटलीबाहेर तासभरही टिकत नाहीत. त्या म्हणाल्या, "मला पटलंय गं सगळं, पण तू आधी आंघोळ करून घे." त्यानंतर गल्लीतल्या दोन बायकांनी मला आपापल्या परीने धीर दिला. एकीने निंबाचा पाला दिला. तो मी ठेवून घेतला, डासांना उपयोगी पडतो.

जामनेरच्या लग्नात तर कहर झाला. नानांनी मांडवात माझी ओळख 'कॅन्सरची डॉक्टर' अशी करून दिली. मी म्हटलं, "नाना, मी डॉक्टर नाही, पेशींवर काम करते." नाना म्हणाले, "तेच ते." पंगत उठल्यावर नवऱ्या मुलाचे चुलते धनसिंगभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि तोंड उघडून थांबले. त्यांच्यामागे आणखी तीन-चार जण रांगेत उभे राहिले. मी मोबाईलच्या उजेडात पाहिलं. (पाहायला नको होतं, तो माझा अधिकार नाही, पण उघडलेल्या तोंडासमोर माणूस काय करणार?) धनसिंगभाऊंच्या गालात आतून पांढरा डाग होता, तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. मी म्हटलं, "उद्याच्या उद्या दवाखान्यात दाखवा. आणि तंबाखू आजपासून बंद." ते गंभीर झाले. "पोरी, एवढं आहे का?" असं म्हणत त्यांनी डाव्या तळहातावर चुना घेतला आणि त्यावर तंबाखू टाकून अंगठ्याने मळायला लागले. मी त्या हाताकडे बघत राहिले. त्यांनीही खाली हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच पाहुण्याचा हात आहे. म्हणाले, "ही शेवटची." मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "भाऊ, शेवटची अर्धी मला द्या!" दोघांनी शेवटची वाटून खाल्ली. तुम्ही तिथे असतात तर दोघांच्या हातावर फटका बसला असता आणि मांडवभर शब्द गेले असते. मी फक्त एका कागदावर दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. आपल्या दोघींच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि त्या लग्नात तुमची पद्धत हवी होती.

आता मूळ हकीकत. इथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. आमच्या पेटीची गंमत अशी, की ती परदेशातल्या थंडीसाठी बनवलेली आहे. तिला आत गरम करता येतं, गार करता येत नाही. बाहेर वीस अंश असले तर ती आनंदाने सदतीस राखते. पण जळगावात मेमध्ये खोलीच बेचाळीसला गेली, तर ती बिचारी काय करणार? म्हणून खोलीत एसी लागतो, आणि तो एसी बरोबर त्या आठवड्यात बंद पडला ज्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेचे सर पुण्याला परिषदेला होते आणि मी नवा नमुना आणायला धुळ्याला होते. मागे राहिले आमचे प्रयोगशाळा परिचर अभिमनभाऊ. निवृत्तीला आले आहेत, मनाने अतिशय मऊ आहेत, आणि हीच अडचण झाली. त्यांनी मला फोन केला, "मॅडम, पेटी एकेचाळीस दाखवते, पेशींची तडफड होत असेल." मी म्हटलं, मेकॅनिकला बोलवा, मी येतेच आहे. येतेच आहे म्हणजे एसटीने येते आहे, कारण गाडी मंजूर होण्याचा कागद अजून फिरतो आहे.

त्या एसटीचंही सांगून टाकते. मांडीवर बर्फाचा डबा, त्यात कुपी, कुपीत नमुना. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, "मॅडम, डब्यात मासळी आहे का? बाकीच्यांना वास येतो." मी म्हटलं, मासळी नाही. "मग मटण?" मी अचूक उत्तराचा विचार करत होते, तेवढ्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, "असू दे रे, पोरगी सासरी घेऊन जात असेल." पुढे एरंडोलपर्यंत त्यांनी मला मटणात खोबरं किती घालायचं ते सांगितलं. मी ऐकत राहिले. बाईंच्या बोलण्यात हेल होता, सगळ्याला 'बठ्ठं', आहेला 'शे' असं होतं, वाक्य संपताना आवाज वर जात होता. मला एरंडोल इतक्या लवकर यायला नको होतं. (हे वाक्य हकीकतीचा भाग नाही, खोडलं तर कागद खराब होईल म्हणून राहू देते.)

प्रयोगशाळेचं दार उघडलं तर गार, ओलसर, वाळ्याचा सुंदर वास. अभिमनभाऊंनी घरून स्वतःचा कूलर रिक्षात घालून आणला होता. त्यात ताजा वाळा, वर माठातलं पाणी, आणि तो कूलर त्यांनी पेटीच्या समोर लावला होता. पेटीचं दार सताड उघडं. मी विचारलं, दार का उघडलं? तर म्हणाले, "मॅडम, नुसती खोली गार करून काय उपयोग? त्यांना वारा तर लागला पाहिजे." त्यांच्या स्वतःच्या आईला तापात त्यांनी असंच खिडकीशी झोपवलं होतं, तिला बरं वाटलं होतं. यात दुष्टपणा कुठेच नव्हता. पेटीवरचा आकडाही सदतीसवर आला होता, ते आकड्याकडे बोट दाखवून लाजल्यासारखे उभे होते. अडचण एवढीच, की आमच्या बाटल्यांची झाकणं हवा खेळावी म्हणून किंचित सैल असतात, आणि ओल्या वाळ्यातून येणाऱ्या वाऱ्यात बुरशीचं बी असतं.

ते उगवायला वेळ लागला नाही. एका सकाळी पाणी गढूळ, आणि प्रत्येक बाटलीत मधोमध पांढरा पुंजका, बोंड फुटून कापूस बाहेर यावा तसा. सगळ्या बाटल्यांत. (साठ्यातल्या पेशी गोठवून ठेवायची टाकी दुरुस्तीला गेली आहे, म्हणून राखीव काही नव्हतं.) मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशीच्या दोऱ्या सगळीकडे, आणि ज्या पेशी औषधाच्या सर्वांत मोठ्या मात्रेलाही दाद देत नव्हत्या, त्या फुगून मरून पडल्या होत्या. अभिमनभाऊ मागे उभे होते.

"मॅडम, म्हणजे कॅन्सर मेला?"

"हो."

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

"मग तोंड पाडून का बसल्या? हेच तर पाहिजे होतं ना आपल्याला? सरांना फोन लावा, म्हणा वाळ्याच्या कूलरने काम केलं!"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. म्हटलं, अभिमनभाऊ, बाटलीतला कॅन्सर कशानेही मरतो. ब्लीचने मरतो, उन्हात ठेवला तर मरतो, चहा ओतला तरी मरेल. अवघड आहे ते माणूस शिल्लक ठेवून मारणं. आपलं सगळं शास्त्र त्या एका अटीवर अडलं आहे. ते विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी माणूस वाचला का, एवढंच बघायचं." मी म्हटलं, हो. मग अक्का, मला तुमची फाइल आठवली. त्यात शेवटच्या पानावर सर्जननी लिहिलं आहे की गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, रोगी स्थिर आहे. अट पाळली गेली. माणूस शिल्लक आहे, सुरतेला आहे, दोन्ही वेळा जेवतं. फक्त आमच्यापर्यंत त्याचा आवाज पोचलेला नाही, आणि त्या फाइलमध्ये आवाजाचा रकानाच नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते. तुम्हीही दिवाळीआधी, ऑपरेशनच्या वेळी, धुळ्याला नमुन्यासाठी परवानगी दिली होती. आमच्याकडे नमुना आला की त्यावर नाव नसतं, फक्त नंबर, वय आणि जागा. कोणता कोणाचा हे मला माहीत नसतं, आणि माहीत असू नये असा नियम आहे. तो नियम चांगला आहे. दिवाळीच्या सुमारास आलेल्या एका बाटलीवर लिहिलं होतं, स्त्री, साठीच्या पुढे, डावा गाल. आता तुमच्यासारखी डाव्या गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्या साठीच्या बायका आपल्या दोन जिल्ह्यांत शेतोशेती सापडतील, तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या बाटलीतल्या पेशी सुरुवातीला तळाला चिकटेचनात. बाकीच्या सगळ्या शहाण्यासारख्या पसरल्या, या आपल्या पाण्यात तरंगत राहिल्या, जणू जागा पसंत नाही. सर म्हणाले, टाकून दे. मी म्हटलं, थोडं थांबू. आणि मग एका सोमवारी चिकटल्या, आणि अशा वाढल्या की दुसऱ्याला बसायला जागा ठेवेनात. मी कोणताही निष्कर्ष काढला नाही. फक्त पाणी बदलताना ती बाटली शेवटी घ्यायचे, म्हणजे घाई होत नाही. एकदा अभिमनभाऊंनी मला विचारलं, "मॅडम, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, कोणाशी नाही. ते म्हणाले, "तुम्ही 'जेवनी का?' असं म्हणालात." शास्त्राच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही. बाटलीत होता तो रोग होता, माणूस नव्हे, आणि तोही बहुधा दुसऱ्याच कोणाचा.

नियमाप्रमाणे सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतून, त्या वाफेच्या भांड्यात शिजवून टाकाव्या लागतात. टाकल्या. तीही टाकली. कॅन्सर मेल्यामुळे डोळ्यांत पाणी आलेली मी जिल्ह्यातली पहिलीच असेन. (ब्लीच डोळ्यांना झोंबतं, हे नोंदवून ठेवते.) अभिमनभाऊंनी तिसऱ्या दिवशी घरून भाकरी आणि ठेचा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि कूलर रिक्षात घालून परत नेला. सर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुन्हा सुरू कर." आमच्याकडे सांत्वन असंच असतं. धुळ्याहून आणलेला तो नवा नमुना बर्फातून थेट शेजारच्या विभागाच्या पेटीत गेला होता म्हणून वाचला. तो कालपासून आमच्या पेटीत आहे. एसी दुरुस्त झाला आहे. पेटीच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत 'उघडू नये' लिहिलं आहे, खाली अभिमनभाऊंनी स्वतः 'वारा घालू नये' असं जोडलं आहे.

तर अक्का, मी तठे नेमकं हे करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं. कुंदनभाऊंना नमस्कार, वहिनींना नमस्कार. मिक्सरचं भांडं झाकण धरून चालवायला त्यांना सांगावं. तुम्ही औषधं वेळेवर घ्यावीत आणि आंघोळ आवरती घ्यावी. उत्तराची अपेक्षा नाही.

तुमची भाची,
दिपमाला

ता. क. मुख्य काम राहिलंच. माझ्या शेजारच्या खोलीत हुमा नावाची मुलगी राहते. ती बोलण्याच्या उपचारांचं शिकली आहे आणि तोंडाच्या ऑपरेशननंतर माणसं कशी बोलतात यावर संशोधन करते. तिला आवाजाचे नमुने लागतात. तुम्ही कुंदनभाऊंच्या फोनवर थोडं बोलून ते रेकॉर्डिंग मला पाठवलंत तर विज्ञानाला मदत होईल. वैयक्तिक असं यात काही नाही.

ता. क. दुसरा. रेकॉर्डिंगच्या सूचना: पंखा बंद ठेवावा. फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा. विषय कोणताही चालेल, शेजारणींपैकी कोणाबद्दल बोललात तर उत्तम, त्यात आवाजाचा चढउतार नीट मिळतो. मध्यातून सुरुवात केली तरी हरकत नाही. उच्चार स्पष्ट करायचा प्रयत्न करू नये, तसे नमुने हुमाच्या उपयोगाचे नसतात.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलं. आमच्या क्षेत्रात माणसाकडे काही मागताना ते कशासाठी हवं हे खरं सांगावं लागतं, नाहीतर दिलेली परवानगी धरत नाहीत. हुमाचं संशोधन संक्रांतीलाच संपलं. नमुने पुरले, लेख छापून आला, ती आता लहान मुलांच्या तोतरेपणावर काम करते. तेव्हा वरचे दोन्ही ता. क. रद्द समजावेत. रेकॉर्डिंग मला हवं आहे. ऐकायला. ते कोणाला ऐकवणार नाही, त्यात काही मोजणार नाही, त्यावरून काही सिद्ध करणार नाही. कळलं नाही तर मीच पुन्हा लावून ऐकेन, तुला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. नाही म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे आणि कारण द्यायची गरज नाही, असा नियम आहे. पण दे, अक्का.